एक वर्ष थांबणारे बहुमत

स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने १६९७ साली एक नियम करून स्वतःच्याच अधिकारांना कात्री लावली. श्रद्धा, उपासना, शिस्त किंवा कारभार यांत कायमचा बदल करणारा कोणताही प्रस्ताव महासभेने मंजूर केला, तरी तेवढ्याने तो लागू होणार नाही, असे त्या नियमाने ठरवले. प्रस्ताव आधी देशभरातल्या प्रेसबिटरींकडे, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक सभांकडे, मतासाठी पाठवायचा. निम्म्याहून अधिक प्रेसबिटरींनी होकार दिला, तरच पुढच्या वर्षीच्या महासभेने त्याला कायद्याचे रूप द्यायचे. हा नियम ‘बॅरिअर अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला जातो आणि सव्वातीनशे वर्षांनंतर आजही तो अमलात आहे. भारतीय वाचकाला तो फारसा अपरिचित वाटू नये. आपल्या राज्यघटनेच्या ३६८ व्या कलमानुसार काही घटनादुरुस्त्यांना संसदेच्या मंजुरीनंतर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुमोदन लागते. तत्त्व तेच आहे. मात्र स्कॉटलंडमधले हे बंधन कोणा घटनाकाराने बाहेरून घातलेले नव्हते. ज्या सभेचे हात त्याने बांधले, त्याच सभेने ते घालून घेतले होते. प्रेस्बिटेरियन महासभांच्या इतिहासाकडे या नियमाच्या बाजूने पाहिले, की एक गोष्ट ठळकपणे दिसते: सभेत मते जिंकणे आणि प्रश्न मिटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्या दोहोंमधले अंतर ज्यांनी गाळले त्यांना त्याची किंमत फुटीच्या रूपात मोजावी लागली.

हे नीट कळण्यासाठी या चर्चची रचना थोडक्यात पाहावी लागेल. प्रेस्बिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. स्थानिक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहतात. त्यांच्यावर प्रेसबिटरी असते. तिच्यात परिसरातल्या सर्व मंडळ्यांचे पाळक आणि वडील बसतात. सर्वांत वर महासभा असते. तिची बैठक वर्षातून एकदा, साधारणपणे मे महिन्यात, एडिंबरोत भरते. सभाध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात आणि त्याची मुदत एकच वर्षाची असते. सभा चालवण्यापलीकडे त्याच्या हाती सत्ता जवळजवळ नसते. प्रेसबिटरींनी पाठवलेले सदस्य ‘असेच मत द्या’ असा आदेश घेऊन येत नाहीत. चर्चा ऐकून सद्सद्विवेकाने मत द्यावे, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. राजाचा प्रतिनिधी हजर असतो, पण त्याची जागा सभागृहावरच्या सज्जात असते आणि चर्चेत तो भाग घेत नाही. मतदानात हरलेल्या सदस्याला आपली असहमती कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा हक्क असतो. या सगळ्या व्यवस्थेमागे एकच धारणा आहे: माणसे चुकतात, आणि एकत्र जमलेली माणसेही चुकू शकतात.

ही धारणा अनुभवातून आलेली होती. पहिली महासभा १५६० साली, धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या काळात भरली. पुढची सव्वाशे वर्षे राजसत्ता आणि महासभा यांची ओढाताण चालू राहिली. १६३८ मध्ये ग्लासगोच्या कॅथीड्रलमध्ये भरलेली महासभा राजाच्या प्रतिनिधीने, मार्क्विस ऑफ हॅमिल्टनने, बरखास्त केली आणि तो निघून गेला. सभासद जागचे हलले नाहीत. अलेक्झांडर हेंडरसनच्या अध्यक्षतेखाली त्यांनी कामकाज पुढे चालवले आणि बिशपांना पदच्युत केले. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी महासभा उधळून लावली आणि त्यानंतर १६९० पर्यंत ती भरलीच नाही. १५६० पासूनच्या या साऱ्या काळात चर्चची व्यवस्था बिशपांकडून प्रेसबिटरींकडे, प्रेसबिटरींकडून पुन्हा बिशपांकडे अशी हेलकावे खात राहिली. १६९० मध्ये प्रेस्बिटेरियन पक्षाचा अखेर जय झाला. जिंकलेल्या पक्षाने पुढच्या सात वर्षांत स्वतःलाच लगाम घातला, ही राजकारणात क्वचित दिसणारी गोष्ट आहे. एका बैठकीच्या उत्साहात केलेला बदल पुढच्या बैठकीच्या उत्साहात उलटवता येतो, हे त्या पिढीने भोगले होते.

या लगामाचे मोल कळायला अटलांटिकपलीकडचे एक उदाहरण फार उपयोगी आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने १८०१ साली काँग्रिगेशनल पंथाबरोबर एक करार केला. पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या गावांत दोन्ही पंथांनी वेगवेगळ्या मंडळ्या उभ्या न करता एकत्र काम करावे, हा त्याचा हेतू. हेतू चांगला आणि गरज खरी होती. पण महासभेने हा करार प्रेसबिटरींकडे मंजुरीसाठी पाठवलाच नाही. छत्तीस वर्षांत त्या कराराखाली न्यूयॉर्क आणि ओहायो राज्यांत शेकडो मंडळ्या उभ्या राहिल्या. दरम्यान चर्चमध्ये ‘जुना संप्रदाय’ आणि ‘नवा संप्रदाय’ असे दोन तट पडले. वाद सिद्धान्तांचा होता, मिशनकार्य कोणी चालवायचे याचा होता, आणि गुलामगिरीच्या प्रश्नाची सावलीही त्यावर होती. १८३७ च्या फिलाडेल्फियातल्या महासभेत जुन्या संप्रदायाकडे बहुमत आले. त्याने १८०१ चा करार रद्द केला आणि त्या कराराखाली वाढलेले वेस्टर्न रिझर्व्ह, युटिका, जिनिव्हा व जेनेसी हे चार सिनॉड आता चर्चचा भाग नाहीत, असे जाहीर केले. सिनॉड म्हणजे अनेक प्रेसबिटरींवरची सभा. पाचशेच्या आसपास पाळक आणि सुमारे साठ हजार सभासद, त्यांचे म्हणणे न ऐकता, बाहेर काढले गेले.

जुन्या संप्रदायाचा कायदेशीर युक्तिवाद मोठा बोलका होता. १८०१ चा करार प्रेसबिटरींना कधी विचारलाच नव्हता, म्हणून तो मुळातच अवैध, असे त्याचे म्हणणे. मुद्दा चुकीचा म्हणता येणार नाही. पण हेच सांगणाऱ्या बहुमताने हजारो माणसांचे सभासदत्व संपवणारा आपला निर्णयही प्रेसबिटरींना विचारला नाही. पहिल्या घाईत राहिलेली फट दुसऱ्या घाईचे हत्यार बनली. पुढच्याच वर्षी चर्च दुभंगले, प्रकरण पेन्सिल्व्हेनियाच्या न्यायालयांत गेले, आणि उत्तरेतले दोन तट पुन्हा एक व्हायला १८६९ साल उजाडावे लागले. दोन्ही वेळा महासभेत स्पष्ट बहुमत होते. कमी पडली ती ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारण्याची पायरी.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. प्रेस्बिटेरियन इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध फूट १८४३ ची, आणि तिथे तर बॅरिअर अ‍ॅक्टचा देश असलेले स्कॉटलंडच फुटले. मग लगामाचा उपयोग काय झाला? उत्तरासाठी तो प्रसंग बारकाईने पाहावा लागतो. ब्रिटिश संसदेने १७१२ साली मंडळीचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदार आश्रयदात्यांना परत दिला होता. त्यावरून शंभर वर्षे कुरबुर चालली. १८३४ च्या महासभेने १८४ विरुद्ध १३८ मतांनी ठरवले, की मंडळीतल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर प्रेसबिटरीने त्या उमेदवाराला नाकारलेच पाहिजे. प्रस्ताव नियमाप्रमाणे प्रेसबिटरींकडे गेला आणि १८३५ मध्ये पक्का झाला. पण महासभेने त्याच ठरावाला ‘हंगामी कायदा’ करून मधल्या वर्षभरातच लागूही केले होते. त्याच काळात पर्थशायरमधल्या ऑक्टरार्डर गावी अर्ल ऑफ किनूलने रॉबर्ट यंग यांचे नाव सुचवले. मतदानाचा हक्क असलेल्या ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध नोंदवला. बोलावणीपत्रावर गावातल्या दोघांनीच सही केली. प्रेसबिटरीने यंग यांना नाकारले, यंग आणि अर्ल न्यायालयात गेले. १८३८ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आठ विरुद्ध पाच मतांनी चर्चच्या विरोधात निकाल दिला आणि पुढच्या वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायम केला.

ऑक्टरार्डरचे प्रकरण हंगामी कायद्याखाली घडले, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही; थांबण्याचा नियम पाळून न थांबण्याची ती पळवाट होती. तरीही फुटीचा सगळा दोष तिच्यावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणखी दहा वर्षे थांबूनही हा प्रश्न सुटला नसता. बॅरिअर अ‍ॅक्ट चर्चच्या आतल्या माणसांमध्ये सहमती घडवतो. इथे दुसरा पक्ष चर्चच्या पायऱ्यांवर उभाच नव्हता. तो होता जमीनदाराचा मालकी हक्क आणि त्यामागची संसद. सगळ्या प्रेसबिटरी एकमुखाने बोलल्या असत्या तरी संसदेचा कायदा त्यांना बदलता येणार नव्हता. १८ मे १८४३ रोजी मावळते मॉडरेटर डेव्हिड वेल्श यांनी सभेच्या आरंभीच निषेधपत्र वाचले, ते टेबलावर ठेवले, राजप्रतिनिधीला अभिवादन केले आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागून निघालेले लोक चालत टॅनफील्डच्या सभागृहात पोहोचले. तिथे थॉमस चाल्मर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्चची पहिली महासभा भरली. सुमारे बाराशेपैकी ४७४ पाळकांनी घर, पगार आणि चर्चची इमारत सोडली. जमीनदारांचा तो हक्क संसदेने अखेर १८७४ मध्ये रद्द केला, फूट पडून तीन दशके उलटल्यावर.

एडिंबरोतल्या या निर्णयाचे पडसाद थेट मुंबईत उमटले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ पासून मुंबईत होते आणि त्यांनी सुरू केलेली शाळा तेव्हा चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेच्या नावाने ओळखली जात होती. फुटीची बातमी आल्यावर विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. इमारत मूळ चर्चची, म्हणून ती सोडून त्यांना शिक्षणसंस्था नव्याने उभारावी लागली. आजचे विल्सन कॉलेज त्याच परंपरेतले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले ते फुटीनंतर, फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. पुढे १८७० मध्ये विल्सन यांना फ्री चर्चच्या महासभेचे मॉडरेटरपद मिळाले आणि ती मुदत संपल्यावर ते मुंबईला परतले. पर्थशायरमधल्या एका गावात पाळक कोण असावा, या वादाने महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांची मालकी आणि नावे ठरवली. महासभेचे निर्णय कागदावर राहत नाहीत, याचा याहून जवळचा पुरावा मराठी वाचकाला शोधावा लागणार नाही.

दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. फ्री चर्चने १९०० साली युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी एकीकरण करायचे ठरवले. प्रेसबिटरींचा होकार मिळाला होता आणि महासभेत ६४३ विरुद्ध २७ असे प्रचंड बहुमत पडले. मागे राहिलेल्या मूठभरांनी दावा लावला, की चर्चच्या मूळ तत्त्वांत बदल झाला आहे, म्हणून मालमत्ता आमची. १ ऑगस्ट १९०४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने पाच विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केले. देशभरातल्या इमारती, महाविद्यालये आणि निधी कायद्याने त्या लहानशा गटाकडे गेले. मग एवढी सावध पद्धत पाळून मिळाले काय? या निकालाने पद्धतीची मर्यादा दाखवली: निर्णय कसा घ्यायचा हे ठरवणारा नियम, तो निर्णय घेण्याचा अधिकार असल्याचा पुरावा होत नाही. पण निकालानंतर जे घडले तेही पाहिले पाहिजे. न्यायालयाचा निर्णय व्यवहारात चालवणे अशक्य आहे, हे लगेच उघड झाले. मूठभर माणसे शेकडो इमारती सांभाळणार कशी? संसदेने १९०५ मध्ये खास कायदा करून मालमत्तेची नव्याने वाटणी केली आणि मोठा भाग एकीकरण केलेल्या चर्चला दिला. इतक्या व्यापक संमतीकडे पाठ फिरवणे संसदेला परवडले नाही. पुढे १९२१ च्या कायद्याने चर्च ऑफ स्कॉटलंडच्या आध्यात्मिक स्वातंत्र्याला संसदेची मान्यता मिळाली. त्याच वेळी मान्य झालेल्या चर्चच्या मूलभूत कलमांत बदल करायचा तर तो लागोपाठ दोन वर्षे प्रेसबिटरींकडे पाठवून दोनतृतीयांश प्रेसबिटरींचा होकार घ्यावा, अशी अट होती. पोळलेल्या पिढीने थांबण्याचा काळ कमी करण्याऐवजी वाढवला.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत कठीण वाटतो. थांबणे बहुमताला परवडते; ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याला ते परवडत नाही. मेरी लस्क या सेविकेने १९६३ मध्ये महासभेसमोर अर्ज केला, की मला पाळक म्हणून दीक्षा द्यावी. अर्ज सिद्धान्तविषयक समितीकडे गेला. वडील होण्याचा मार्ग स्त्रियांना १९६६ मध्ये खुला झाला, पाळक होण्याचा १९६८ मध्ये. १९६९ मध्ये कॅथरिन मॅकॉनाकी या पहिल्या स्त्री पाळक झाल्या. अर्ज करणाऱ्या मेरी यांना, तोवर लेव्हिसन या आडनावाने, दीक्षा मिळाली ती १९७८ मध्ये. पंधरा वर्षे हा एका आयुष्याचा मोठा तुकडा आहे आणि तो परत मिळत नाही. पद्धतीची बाजू मांडणाऱ्याने हा हिशेब झाकू नये. पण एकदा नियम बदलल्यावर तो मागे घेण्याची वेळ आली नाही. २००४ मध्ये अ‍ॅलिसन एलियट यांच्या रूपाने पहिली स्त्री मॉडरेटर झाली, आणि त्या पाळक नव्हत्या, वडील होत्या. उशिरा मिळालेला हक्क होता, पण टिकला. एका बैठकीत मिळालेला हक्क पुढच्या बैठकीत जाण्याची भीती असते, आणि ती भीतीही शेवटी दुबळ्याच्याच वाट्याला येते.

समलैंगिक पाळकांच्या प्रश्नावर हीच पद्धत अलीकडे कसाला लागली. अ‍ॅबर्डीनच्या एका मंडळीने स्कॉट रेनी यांना पाळक म्हणून बोलावले. ते समलैंगिक संबंधात असल्याचे उघड होते. त्यावरचा आक्षेप २००९ च्या महासभेसमोर आला आणि ३२६ विरुद्ध २६७ मतांनी त्यांची नेमणूक कायम झाली. मात्र एका माणसाची नेमणूक आणि सर्वांसाठी नियम यांत महासभेने फरक केला. नवीन नेमणुका थांबवल्या, अभ्यासगट नेमले आणि प्रश्न पुढे ठेवला. २०१३ मध्ये तोडगा निघाला: चर्चची पारंपरिक भूमिका कायम राहील, पण ज्या मंडळीला वेगळा निर्णय घ्यायचा असेल तिला तो घेता येईल. हा तोडगा प्रेसबिटरींकडे गेला, ३१ विरुद्ध १४ असा होकार आला आणि २०१५ मध्ये महासभेने ३०९ विरुद्ध १८२ मतांनी तो कायदा केला. समलैंगिक विवाह लावण्याची पाळकांना मुभा देणारा नियम याच वाटेने २०२२ मध्ये २७४ विरुद्ध १३६ मतांनी मंजूर झाला. विवेकाला पटत नसेल त्या पाळकावर सक्ती नाही. काही पाळक आणि मंडळ्या चर्च सोडून गेल्या. पण १८४३ मध्ये तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाळक गेले होते. तशी फूट या वेळी पडली नाही. हरलेल्यांना तेरा वर्षांत बोलायला मिळाले, त्यांचे मत नोंदले गेले आणि त्यांच्यासाठी जागा ठेवली गेली. आपल्याला गाफील गाठले, असे त्यांना म्हणता येत नव्हते.

यावरून संथ पद्धत चांगलेच निर्णय देते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. फ्री चर्चने अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलामधारी मंडळ्यांकडून सुमारे तीन हजार पौंडांची देणगी घेतली होती. ती परत करावी म्हणून गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्यांनी १८४६ मध्ये स्कॉटलंडभर सभा गाजवल्या. महासभेने पैसे परत केले नाहीत. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने आयरिश वंशाच्या कॅथलिकांमुळे स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका असल्याचा अहवाल स्वीकारला. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २००२ साल यावे लागले. या दोन्ही गोष्टी कायदा बदलणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्या प्रेसबिटरींकडे जाण्याचा प्रश्नच आला नाही. तिकडे गेल्या असत्या तर वेगळे घडले असते, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण समाजातला पूर्वग्रह प्रादेशिक सभांतही तेवढाच भरलेला असतो. लोकांना दोनदा विचारले म्हणून लोक दुसऱ्यांदा शहाणे होतात, असे नाही.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा. १९५० च्या दशकात या चर्चचे तेरा लाखांहून अधिक सभासद होते. २०२२ पर्यंत ते तीन लाखांच्या खाली आले. बाके रिकामी होत असताना कार्यपद्धतीचे कौतुक कशाला करायचे? ओहोटीची कारणे श्रद्धेच्या आणि समाजजीवनाच्या बदलांत आहेत. कोणताही नियम त्यांवर औषध नाही. नियमाने जे करायचे कबूल केले होते तेवढेच त्याच्याकडून मागावे, आणि ते तीन शतकांच्या पुराव्यावर तपासता येते. चर्चच्या आतल्या ज्या प्रश्नांवर महासभा थांबली, विचारून आली आणि हरलेल्यांना आत जागा ठेवून पुढे गेली, तिथे निर्णय टिकले आणि बहुतेक माणसेही टिकली. जिथे बहुमताने एका बैठकीत हिशेब चुकता केला, तिथे पुढचे हिशेब न्यायालयांना करावे लागले. राजकीय पक्ष, सहकारी संस्था, साहित्य परिषदा, विद्यापीठांची मंडळे, सगळीकडे मते मोजण्याचे नियम असतात. मोजलेल्या मतांना काही काळ थांबवून, ज्यांच्यावर निर्णय पडणार आहे त्यांना पुन्हा विचारण्याचा नियम फार थोड्यांकडे असतो. तो करायचा झाला तर जिंकलेल्यांनीच करावा लागतो, कारण हरलेल्यांच्या हाती तेवढी मते नसतात.